काचेमागचा सील

लेपर्ड सीलचा साचा माळ्यावरून उतरवताना जावयाची कंबर धरली आणि पुढचे काही दिवस तो डुलत डुलत चालत होता. "ऑर्डर पेंग्विनची आली म्हणून इतकं मनावर घ्यायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या आणि शेकायची पिशवी आणायला आत गेल्या.

त्यांच्या कारखान्यात संग्रहालयांसाठी प्राणी बनतात. तारेचा सांगाडा, त्यावर माती, मातीवर प्लास्टरचा साचा आणि साच्यात रेझिनचा चिकट रस वाळला की निघतो तो फायबरचा प्राणी. लेक घडवते, जावई रंगवतो. पूर्वी दोन्ही कामं लेकीच्या बाबांची होती, कारण दुसऱ्या कुणाचा रंग त्यांना पसंत पडत नसे. जावयाचा अजूनही पडलेला नाही. फक्त आता तो त्यांना दिसत नाही. काचबिंदूने आधी डावा डोळा नेला, मग उजवा. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

कारखाना मात्र सुटला तो एका घुबडामुळे. नजर अधू झालेली असताना बाबांनी एका घुबडाचे काचेचे डोळे बसवले, भिंगातून पाहिलं, पास केलं आणि पाठवून दिलं. घुबड परत आलं. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर होता. बाबांना कुणी एका शब्दाने बोललं नाही. जावयाने घुबड शेडच्या मागे नेऊन गुपचूप दुरुस्त केलं. पण ड्रिलचा आवाज ऐकून बाबा काय ते समजले. त्या संध्याकाळी त्यांनी ॲप्रन खुंटीला अडकवला आणि लेकीला सांगितलं, "उद्यापासून मी घरी." त्याला वर्ष उलटून गेलं. ॲप्रन अजून खुंटीवर होता. खिडकीखालचं त्यांचं टेबलही रिकामं होतं, निदान रिकामं ठेवायचं असं ठरलं होतं.

म्हणून ही ऑर्डर आली तेव्हा लेकीला पहिलं आठवलं ते टेबल. संग्रहालय नवं दालन काढत होतं आणि त्यात सगळं हाताने पाहायचं होतं. काच नाही, दोरी नाही, 'हात लावू नये'ची पाटी नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मुख्यतः, आणि ज्यांना दिसतं पण हात आवरत नाहीत त्यांच्यासाठीही. पहिला विषय होता पेंग्विन: कोण कुठे राहतो आणि त्याला कोण खातं. आता तरी बाबा येतील, असं ती नवऱ्याला म्हणाली.

बाबा आले नाहीत.

"मी काय नमुना आहे?" ते म्हणाले. "आमच्याकडे एक आंधळा ठेवलाय, तो माल तपासून देतो, असं सांगणार का गिऱ्हाइकाला?"

"नाही हो बाबा. तुम्ही नुसते या, बसा."

"बसायला मला घरी खुर्ची आहे."

लेकीने वाद घातला नाही. तिने काम सुरू केलं. पेंग्विनच्या जाती दीड डझनाच्या आसपास. दालनात चार घ्यायच्या ठरल्या. कारखान्यात त्यांची लांबलचक नावं कुणी घेत नसे. सगळ्यांत मोठा, अंटार्क्टिकाच्या बर्फावर राहणारा एम्परर, तो थोरला. तिथल्याच किनाऱ्यावर खडे गोळा करून घरटं करणारा, तो खडेवाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उन्हात बीळ करून राहणारा, तो बिळवाला. आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा फूटभर उंचीचा निळसर पक्षी, तो धाकटा. त्यांचे वैरी होते समुद्री गरुड, अंडी पळवणारा कुरव, स्कुआ नावाचा दांडगा तपकिरी पक्षी आणि पाण्यात दबा धरणारा ठिपकेदार लेपर्ड सील. पक्षी तिने नव्याने घडवले. सीलला मात्र वेळ नव्हता, आणि त्याचा साचा घरचाच होता. संग्रहालयात पूर्वी बाबांनी केलेला बर्फाचा देखावा होता, तिच्या लहानपणी. काचेला नाक लावून ती त्यातला सील बघत उभी राहायची. देखावा कधीच मोडला, साचा माळ्यावर राहिला. तोच खाली आला आणि जावयाची कंबर गेली.

पहिला पूर्ण झाला धाकटा. लेकीने तो बाजाराच्या पिशवीत घालून घरी नेला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय? पाण्याची बाटली?"

"पेंग्विन."

"पिल्लू आहे का?"

"पूर्ण वाढलेला. एवढाच असतो."

बाबांनी त्याला उचलून वजन पाहिलं. मग अंगठा चोचीवरून निघाला, डोक्यावरून पाठीवर आला, पंखाच्या कडेने खाली उतरला. पाठीवर तो जरा रेंगाळला. काचेमागच्या प्राण्यांची पाठ कधी कुणी पूर्ण करत नाही. ती बाजू भिंतीकडे असते, तिथे बोल्टचं भोक असतं आणि खरखरीत फायबर. इथे पाठ शेवटपर्यंत घडवलेली होती.

"पाठ केलीस," बाबा म्हणाले.

"करावीच लागली. लोक मागूनही हात लावणार."

"पण उभा चुकलाय. टाचांवर भार आहे. कुणी हाक मारली तर मागे पडेल."

"बघू." लेकीने हात लावला. खरंच होतं. "करते नीट."

"याला कोण खातं?"

"समुद्री गरुड, सील. म्हणून दिवसभर पाण्यातच थांबतात. अंधार पडला की दहा-वीसजण गोळा होतात आणि एकदम पळत किनाऱ्यावर येतात."

"शहाणे आहेत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आमच्याकडे एकजण दिवसाउजेडी पण घराबाहेर पडत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पिशवीत काय आहे आज?" पिशवीत काही नव्हतं. ते जरा हिरमुसले, आणि ते लेकीने पाहिलं. त्यानंतर ती पिशवी रिकामी आणेनाशी झाली. खडेवाला आला, बिळवाला आला. बिळवाल्याच्या डोळ्यावर पिसं नसलेली जागा असते, ती बाबांनी बोटाने बरोबर टिपली आणि हे टक्कल कशाला म्हणून विचारलं. उन्हाचा ताप तिथून बाहेर जातो, असं कळल्यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग मला उकडतं कसं?"

स्कुआ आला त्या दिवशी जावईही बरोबर होता.

"हे काय करतात माहितीय का बाबा?" तो म्हणाला. "जोडीने येतात. एकजण घरट्यासमोर उगाच नाचतो, पेंग्विन त्याच्या मागे लागला की दुसरा मागून अंडं उचलतो."

"माहितीय. तुम्ही दोघं माझी हत्यारं अशीच न्यायचात. ही समोर गप्पा मारायची आणि तुम्ही मागून कोरणी उचलायचात."

"एकदाच नेली होती."

"परत कुठे आली?"

 कोरणी जावयाच्या ॲप्रनच्या खिशात होती. लेकीने हसू दाबलं, पण बाबांना ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांच्याही मिशा हलल्या.

मग काही दिवस नुसतेच गेले. बाबा एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, शेवटी चिडून म्हणाले, "थोरला कधी आणणार?"

"तो येणार नाही. त्याला बर्फाच्या चौथऱ्यावर बोल्टने बसवलाय. चौथरा शेडच्या दारातूनच कसाबसा निघेल."

"काढ बोल्ट."

"रेझिन ओतून झालंय बाबा."

 आई टेबल पुसत होती. ती पुसता पुसता म्हणाली, "अहो, थोरल्या माणसाला कुणी घरी बोलावतं का? आपणच भेटायला जायचं असतं. सकाळी बूट काढून ठेवते."

एवढं म्हणून ती आत गेली. 

सकाळी बाबा आले. शेडचा उंबरा कुठे आहे हे त्यांच्या पायाला पाठ होतं. लेकीने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही. आत येऊन उभे राहिले, वास घेतला. "रेझिन ताजं आहे. खिडकी उघडी ठेवत जा," ते म्हणाले. मग थोरल्याकडे गेले.

थोरला त्यांच्या पोटाच्या वर येत होता. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, मान, खांदे, मग पोटाचा मोठा उतार. हात खाली पायांपर्यंत गेले आणि थांबले. पायांवर पोटाच्या कातडीची जाड घडी लोंबत होती. लेकीने ती रबराची केली होती, मऊ. बाबांची बोटं घडीच्या आत सरकली आणि त्यांना पायांवर ठेवलेलं अंडं लागलं.

ते बराच वेळ वाकलेले होते.

"हे नर सांभाळतो," लेक म्हणाली. "मादी समुद्रात गेलेली असते. हिवाळाभर हा असाच उभा, काही न खाता."

"घडी कुणाची कल्पना?"

"माझी."

"हं," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून 'हं' मिळालेले प्राणी कारखान्यात आजवर फार थोडे आहेत. लेकीने खिडकी उघडण्याचं निमित्त काढून तोंड फिरवलं.

तिला वाटलं, झालं. आता ते टेबलाकडे वळतील. पण बाबा भिंतीला हात लावत शेडच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या दाराजवळ गेले. तिथे सील पडला होता, रंगवून तयार. संग्रहालयाच्या क्यूरेटर बाईंनी फोटो पाहून होकार दिला होता.

"हा कोण?"

"सील. तुमचाच. माळ्यावरच्या साच्यातला."

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात नाकापासून निघाला आणि शेपटाला पोचला. परत नाकाकडे आला. मग त्यांनी विचारलं, "बाकीचा कुठाय?"

"बाकीचा म्हणजे?"

"एवढाच? अगं, याला थोरला मांडीवर घेऊन बसेल!"

"काहीतरीच काय बाबा. प्रमाण बरोबर आहे. बाईंनी तपासलंय."

"प्रमाण बरोबरच असणार, मी केलंय. मी माप विचारतोय. हा माझ्या देखाव्यात कुठे होता, आठव."

लेकीला आठवलं. मागच्या कोपऱ्यात, रंगवलेल्या निळ्या डोंगराच्या पायथ्याशी. काचेमागे जागा असते एका खोलीची आणि दाखवायचा असतो मैलभर बर्फ. म्हणून पुढचे प्राणी पूर्ण मापाचे करतात आणि मागचे लहान. लहान असले की लांबचे वाटतात. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, आणि तिनेही अशी हरणं केली होती, असे उंट केले होते. हा सील लांबचा दिसावा म्हणून निम्मा केलेला होता. साच्यातून निघाल्यावर तो दाराजवळ, तिच्या टेबलापासून दूर ठेवला गेला, आणि लहानपणी दिसायचा तसाच तिला दिसत राहिला. लांब पडलेला, मोठा सील.

ती गेली आणि जमिनीवर सीलच्या शेजारी सरळ आडवी झाली. डोकं त्याच्या नाकाला लावलं. तिचे पाय त्याच्या शेपटापलीकडे गेले. खरा तिच्या जवळजवळ दुप्पट हवा.

"अरे देवा," ती पडल्या पडल्या म्हणाली.

जावई दारात आला. बायको सीलशेजारी झोपलेली आणि सासरे गुडघ्यांवर. "काय झालं?" त्याला सांगितलं. त्याने सील पाहिला, बायको पाहिली, परत सील पाहिला. "मी ठिपके एकेक काढले हो याचे," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी रोज पाहिला. बाईंनी पाहिला. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"दिसत होतं ना तुम्हाला," बाबा म्हणाले. "डोळे असते तर मीही पास केला असता."

हे ते अगदी खुशीत म्हणाले.

पण प्रश्न खुशीचा नव्हता. दालन उघडायची तारीख जाहीर झाली होती आणि पूर्ण सील घडवून, साचा काढून, ओतून, वाळवून व्हायला तेवढा वेळ पुरत नव्हता. लेकीने क्यूरेटर बाईंना फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. 

"फोटोत खरंच मोठा वाटत होता हो," त्या म्हणाल्या. "पण असा नाही ठेवता येणार. ज्याला दिसत नाही तो तर हाताला लागेल तेच खरं मानणार ना. घरी जाऊन सांगेल, सील पेंग्विनएवढाच असतो."

"सील वगळला तर?"

"मग थोरल्याला समुद्रात उतरायची भीती कशाची, ते कसं कळायचं? बघा काय होतं ते. तारीख मात्र माझ्या हातात नाही."

फोन ठेवला तेव्हा बाबा परत थोरल्याजवळ होते. चौथऱ्याची कड चाचपत होते. बर्फाची कड जिथे संपत होती तिथे पुढे काही नव्हतं, समुद्र समजायचा.

"याला सील किती दिसतो?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"थोरल्याला. हा इथे कडेवर उभा. सील पाण्यात. सगळा सील याला कधी दिसतो का? डोकं वर येतं तेवढंच."

लेक चौथऱ्याच्या कडेशी येऊन वाकली.

"डोकं, मान आणि खांद्यापर्यंत," बाबा म्हणाले. "पूर्ण मापाचं. कडेवरून असं वर आलेलं, तोंड उघडं. बाकीचा सील पाण्यात आहे, तो ज्याचा त्याने समजावा. एवढं होईल का वेळेत?"

"एकटीने नाही होणार."

तिने हे खरं म्हणून सांगितलं. आढेवेढे घ्यायला वेळ नव्हता.  बाबांनी खुंटीच्या दिशेने हात केला. "माझं टेबल आहे का?"

"आहे तिथेच आहे," लेक म्हणाली, आणि त्याच क्षणी टेबलावर जावयाचे रंगाचे डबे ओळीने मांडलेले तिला दिसले. जावयालाही दिसले. दुखऱ्या कंबरेने तो धावला आणि डबे उचलू लागला.

"हळू हळू उचला जावईबापू," बाबा ॲप्रनच्या नाड्या बांधत म्हणाले. "आवाजावरून सात-आठ दिसतात. कोरणीही ठेवा जाता जाता."

काम तिघांनी वाटून घेतलं. बाईंनी कवटीची मापं कळवली. लेकीने ती सुतळीवर गाठी मारून बाबांना दिली. लांबीची एक सुतळी, जबड्याची एक, मानेच्या घेराची एक. ते सुतळी मातीवर टाकत, गाठीला बोट लावत आणि माती चढवत. मध्येच उठून थोरल्याकडे जात, त्याचं डोकं हाताने पाहून येत आणि मग सीलचा जबडा मोठा करत. "याच्या तोंडात ते मावलं पाहिजे," ते म्हणत. दात लेकीने केले. लेपर्ड सीलच्या दाढेला तीन टोकं असतात, ती बाबांनी बोटाने तपासली आणि दोन नापास केली.

शेवटी डोळे राहिले. लेकीने काचेचे दोन गोळे बाबांसमोर ठेवले. ते त्यांनी चाचपले आणि तिच्याकडे सरकवले.

"हे तू बसव. माझ्या हाताचे डोळे कसे बसतात ते त्या घुबडाला विचार."

घुबडाचं नाव त्या शेडमध्ये वर्षभरात कुणी काढलं नव्हतं. जावयाचा ब्रश थांबला. मग बाबाच हसू लागले, आणि मग तिघंही.

दालन ठरल्या दिवशी उघडलं. भाषणं झाली, ती बाबांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत ऐकली. नंतर लोक आत आले. एक बाई पांढरी काठी बगलेत धरून थोरल्याशी बराच वेळ रमल्या. घडीतलं अंडं सापडल्यावर त्यांनी बहिणीला हाक मारून तिचाही हात आत घालायला लावला. मग चौथऱ्याच्या कडेने त्या पुढे आल्या आणि त्यांचा हात सरळ सीलच्या तोंडात गेला.

"अगं बाई!" त्यांनी हात झटकन मागे घेतला. मग हळूच परत पुढे केला. जबड्याचा वरचा भाग, खालचा भाग, दाढा. किती मोठं आहे ते दोन्ही हात पसरून पाहिलं. तिथून त्या परत थोरल्याकडे गेल्या आणि त्याचं डोकं पुन्हा एकदा चाचपलं. "कसा रे उतरतोस तू पाण्यात?" त्या म्हणाल्या.

बाबा जवळच उभे होते.  त्यांनी लेकीला कोपराने ढोसलं, जरा जोरात.

निम्मा सील फेकून द्यायला जावई तयार नव्हता, कारण ठिपके. तो बाबांच्या घरी आला आणि दाराजवळ ठेवला गेला. पाठ रुंद, बसायला सोयीची. आई बूट घालायला त्यावर बसते आणि छत्री त्याच्या मानेला अडकवते. पण सकाळी जागा मिळत नाही. लेक न्यायला येते तेव्हा बाबा बूट, टोपी सगळं चढवून सीलवर बसलेले असतात.

"उशीर झाला तुला," ते म्हणतात. "धाकटे किनाऱ्यावर पोचले असते एवढ्यात."

"तुम्ही ॲप्रन घरी कशाला आणता रोज?"

"तिथे खुंटीवर राहिला तर खिशातली कोरणी कोण उचलेल, सांगता येत नाही," बाबा म्हणतात आणि सीलच्या डोक्यावर हात टेकून उठतात.